मालवाहू जहाजाचे रणगाडावाहू जहाज होते तेव्हा नेमके काय बदलते?

लेखक: सुकी गोदी

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका धाग्यावर असे वाक्य वाचले की, युद्ध झालेच तर व्यापारी कंटेनर जहाजे ताब्यात घ्यायची, मागे रॅम्प बसवायचा आणि रणगाडे आत घालायचे. जहाजदुरुस्तीच्या गोद्यांमध्ये माझी सव्वीस वर्षे गेली आहेत, त्यामुळे ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना. रॅम्प बसवणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. अवघड भाग रॅम्पच्या आत सुरू होतो, आणि तो समजून घ्यायचा तर प्रत्यक्ष घडलेले एखादे रूपांतर बारकाईने पाहावे लागते. मी अमेरिकेच्या एसएल-७ वर्गातील आठ जहाजांचे उदाहरण घेतो, कारण त्यांचे रूपांतर पुरेसा वेळ आणि पैसा देऊन झाले आणि पुढे खऱ्या युद्धात त्याची परीक्षाही झाली.

ही जहाजे लष्करासाठी जन्मलेलीच नव्हती. कंटेनर वाहतुकीचे जनक मानले जाणारे माल्कम मॅक्लीन यांच्या सी-लँड कंपनीसाठी ती १९७२-७३ मध्ये नेदरलँड्स आणि जर्मनीतील गोद्यांत बांधली गेली. लांबी २८८ मीटर, रुंदी पनामा कालव्यातून जेमतेम जाईल इतकी, क्षमता १,०९६ कंटेनर आणि वेग तब्बल ३३ नॉट, म्हणजे ताशी साठ किलोमीटरहून अधिक. या वेगासाठी प्रत्येक जहाजात १,२०,००० अश्वशक्तीची वाफेची टर्बाइने बसवली होती. पूर्ण वेगात ती दिवसाला ५०० टनांहून अधिक इंधन पीत असत. पहिली जहाजे पाण्यात उतरतात न उतरतात तोच १९७३ चे तेलसंकट आले. ज्या वेगासाठी ती बांधली होती तो वेगच कंपनीला परवडेनासा झाला. १९८१ आणि १९८२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने आठही जहाजे विकत घेतली आणि सॅन दिएगो, न्यू ऑर्लिन्सजवळचे एव्हनडेल व पेन्सिल्व्हेनियातील चेस्टर येथील गोद्यांमध्ये त्यांचे रूपांतर केले. व्यापाऱ्याला जो वेग डोईजड झाला होता, नेमका तोच लष्कराला हवा होता.

आता गोदीत काय झाले ते सांगतो. कंटेनर जहाजाच्या पोटात मजले नसतात. तळापासून वरच्या हॅचपर्यंत, म्हणजे डेकवरच्या मोठ्या तोंडापर्यंत, सरळ विहिरीसारखी पोकळी असते आणि तिच्यात उभ्या लोखंडी मार्गदर्शक पट्ट्या असतात. कंटेनर वरून क्रेनने त्या पट्ट्यांमधून खाली सोडतात आणि ते एकमेकांच्या डोक्यावर बसतात. वाहन मात्र स्वतःच्या चाकांवर चालत आत येणार, म्हणजे त्याला जमीन हवी, वळायला जागा हवी, एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला उतार हवा आणि एका होल्डमधून (मालाच्या कप्प्यातून) पुढच्या होल्डमध्ये जायला वाट हवी. म्हणून जहाजाच्या मधल्या भागातील पट्ट्या कापून काढल्या, तिथे एकावर एक मजले घातले, ते आतल्या रॅम्पनी जोडले, जहाजाच्या दोन्ही कुशींना दारे पाडली, वर हेलिकॉप्टर उतरू शकेल असे डेक केले आणि जिथे बंदरात क्रेन नसेल तिथेही माल काढता यावा म्हणून जुळ्या क्रेनच्या दोन जोड्या बसवल्या, एक ३५ टनांची आणि दुसरी ५० टनांची.

हे वाचायला सरळ वाटते, पण यातील ‘वाट हवी’ हे दोन शब्द गोदीतल्या माणसाची झोप उडवतात. दोन होल्डच्या मधली आडवी भिंत तिथे शोभेला नसते. तळ फुटून एका होल्डमध्ये पाणी शिरले तर ते पुढच्या होल्डमध्ये जाऊ नये म्हणून ती असते. तिच्यात वाहनासाठी दार पाडले की त्या दाराला भिंतीइतकेच पाणी अडवता आले पाहिजे, आणि जहाज कलंडलेल्या अवस्थेतही ते बंद करता आले पाहिजे.

दुसरी गोष्ट पिळाची. काडेपेटीचे बाहेरचे आवरण हातात धरून पिळून पाहा आणि मग आतला उघडा खण पिळून पाहा. खण लगेच वाकडा होतो, कारण त्याला वरचे झाकण नाही. कंटेनर जहाज हा असा उघडा खण आहे, कारण त्याच्या हॅचची तोंडे जवळजवळ जहाजाच्या रुंदीइतकी मोठी असतात. तिरक्या लाटेत ते पिळवटते आणि सगळा ताण हॅचच्या कोपऱ्यांत गोळा होतो. याच वर्गातल्या सी-लँड मॅक्लीन या जहाजावर ताण मोजणारी उपकरणे बसवून सत्तरच्या दशकात उत्तर अटलांटिकच्या हिवाळी फेऱ्यांत मुद्दाम नोंदी घेतल्या गेल्या होत्या. अशा जहाजात नवा मजला जोडला की तो मजलाही ताण उचलू लागतो. तो जिथे अचानक संपतो तिथे नवा कोपरा तयार होतो, आणि काही वर्षांनी तिथूनच भेग सुरू होते. म्हणून मजल्याचे पोलाद एकदम तोडायचे नसते, ते हळूहळू निमुळते करत शेजारच्या सांगाड्यात विरवून टाकायचे असते. नकाशावर ही दोन बोटांची रेघ असते, आणि माझ्या अनुभवात रूपांतराचे बरेवाईट त्या दोन बोटांत ठरते.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. जॉर्जियातील सॅव्हाना बंदरात २४ व्या यांत्रिकी पायदळ डिव्हिजनची वाहने या जहाजांवर चढवायला सुरुवात झाली. पहिले जहाज कॅपेला ऑगस्टच्या मध्यावर निघाले आणि सुमारे ८,७०० सागरी मैल तोडून २७ ऑगस्टला सौदी अरेबियातील दम्मामला पोहोचले. ही कॅपेला म्हणजेच पूर्वीची सी-लँड मॅक्लीन, जिच्या अंगावर ताणमापके लावली होती तीच. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण ज्या जहाजाचे दुखणे-खुपणे इतक्या काळजीने आधीच नोंदले गेले होते, तेच पुढे सगळ्यांत आधी कामाला आले.

पण याच मोहिमेत अँटारिस हे दुसरे जहाज अटलांटिकच्या मध्यावर बंद पडले. त्याला ओढून स्पेनमधील रोटा येथे न्यावे लागले. त्याच्या पोटातली वाहने, नवे मजले, क्रेन, दारे हे सगळे ठणठणीत होते. बिघडली ती वाफेची यंत्रणा, जी रूपांतरात होती तशीच राहिली होती. माझे म्हणणे एवढेच आहे की गोदीत जहाजाचे पोट बदलता येते, त्याचा जन्म बदलता येत नाही. ज्यांनी जहाजावर किंवा लष्करी वाहतुकीत काम केले आहे त्यांनी यात भर घालावी आणि चुकत असेल तिथे अवश्य दुरुस्त करावे.

प्रतिसाद: कर्जतचा वाचक

लेख अतिशय आवडला. एक प्राथमिक शंका विचारतो. कंटेनर जहाजावर एकावर एक कितीतरी कंटेनर रचतात आणि त्यांचे वजन शेकडो टन होते. मग साठ टनांचा रणगाडा थेट होल्डच्या तळावर किंवा हॅचच्या झाकणावर का ठेवता येऊ नये? त्यासाठी इतके मजले घालण्याची गरज काय?

प्रतिसाद: सुकी गोदी

कर्जतकर, तुमची शंका प्राथमिक मुळीच नाही, अनेक अनुभवी लोकही इथे अडखळतात. कंटेनर आपले सगळे वजन चार कोपऱ्यांवर टेकवतो. त्यामुळे जहाज बांधतानाच तळावरच्या त्या ठरावीक ठिकाणी खाली भक्कम आधार दिलेला असतो आणि मधले पत्रे तुलनेने पातळ ठेवलेले असतात. रणगाडा त्या ठरावीक ठिकाणी उभा राहत नाही, तो मधल्या पत्र्यावर येतो. साठ टनांच्या रणगाड्याचे दोन पट्टे मिळून साधारण सहा चौरस मीटर जागेवर टेकतात, म्हणजे तिथे चौरस मीटरला दहा टन भार झाला. तुलनेसाठी सांगतो, मोटारी वाहणाऱ्या जहाजातील हलक्या मजल्यांची क्षमता चौरस मीटरला दोनशे-अडीचशे किलोच्या आसपास असते. म्हणून ‘गाड्यांचे जहाज आहे, रणगाडाही जाईल’ हे गणित जमत नाही. तो फक्त मुद्दाम भक्कम केलेल्या मजल्यांवरच जाऊ शकतो.

यात एक गंमत आहे. पत्र्याच्या दृष्टीने पट्ट्यांवरचा रणगाडा कधी कधी चाकांवरच्या जड ट्रेलरपेक्षा सौम्य असतो, कारण पट्टा वजन पसरवतो आणि टायर ते तळहाताएवढ्या जागेत दाबतो. ट्रेलर पत्र्याला खळगा पाडतो, तर रणगाडा पत्र्याखालच्या तुळईला वाकवतो. रूपांतराचे गणित करणाऱ्याला दोन्ही वेगवेगळे तपासावे लागतात.

मजले न घालता काम भागवण्याचाही एक मार्ग आहे. अमेरिकेच्या नौदलाने त्यासाठी सीशेड नावाचे पोलादी साचे तयार केले. हा साचा तीन कंटेनरांइतका रुंद आणि चाळीस फूट लांब, वरून उघडा असतो आणि त्याचा तळ दारासारखा उघडतो. आधी सगळे साचे एकावर एक बसवायचे, सगळ्यांचे तळ उघडे ठेवून सर्वांत खालच्या साच्यात वाहन क्रेनने सोडायचे, मग त्याच्या वरचा तळ मिटायचा आणि त्यावर पुढचे वाहन ठेवायचे. जहाज कापावे लागत नाही, पण प्रत्येक वाहन क्रेननेच चढवावे-उतरवावे लागते. धक्क्यावर मोठी क्रेन नसेल किंवा बाँबहल्ल्यात ती पडली असेल तर माल जहाजातच अडकतो.

प्रतिसाद: चीफ मेट

सुकी गोदी साहेबांनी पोलादाची बाजू उत्तम मांडली आहे. मी वाहनवाहू जहाजांवर पंधरा वर्षे काढली, म्हणून समुद्रावरची बाजू मांडतो.

नव्या मजल्यांचे लोखंड आणि त्यांवरची वाहने यांचे वजन जहाजात कुठे बसते यावर जहाज कसे डोलते हे ठरते. आपल्याकडे कोकणातले जुने तांडेल रिकाम्या गलबताच्या तळाशी दगडांचे नीरम भरत असत, ते याच कारणासाठी. वजन खाली असले की जहाज सरळ राहते. पण त्यालाही मर्यादा आहे. स्थैर्य दाखवणारे एक अंतर आम्ही मोजतो, त्याला जीएम म्हणतात. ३२ मीटर रुंदीच्या जहाजाचा जीएम एक मीटर असेल तर ते एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर जाऊन परत यायला साधारण पंचवीस सेकंद घेते. हाच जीएम चार मीटर झाला तर तेच डोलणे तेरा सेकंदांत होते. ऐकायला वाटते की जास्त स्थिर म्हणजे जास्त सुरक्षित, पण त्या झटक्यात प्रत्येक वाहनावर जो आडवा जोर येतो तो साखळ्या तोडतो. कंटेनरांऐवजी तळाशी रणगाडे ठेवले तर जहाज नको तितके ताठर होऊ शकते, आणि नव्या वरच्या मजल्यांवर जड ट्रक ठेवले तर ते नको तितके मऊ होऊ शकते. प्रत्येक फेरीला बॅलास्टच्या, म्हणजे तोल राखण्यासाठी टाक्यांत भरायच्या, पाण्याचे गणित नव्याने करावे लागते.

साखळ्यांबद्दल एक प्रसंग लिहितो. एका फेरीत बिस्केच्या उपसागरात आम्हाला मोठा हेलावा लागला. खालच्या मजल्यावर एका अवजड यंत्राचा ट्रेलर होता. धक्क्यावर भरणाऱ्या लोकांनी त्याच्या साखळ्या जवळजवळ उभ्या बांधल्या होत्या आणि मीही घाईत ते पाहून पुढे गेलो होतो. उभी साखळी ट्रेलरला खाली दाबून धरते, पण आडवे सरकण्यापासून अडवत नाही. म्हणून ती मजल्याशी तीस ते साठ अंशांत असावी असा दंडक आहे. पहाटे तीनच्या सुमारास सारंग (खलाशांचा मुकादम) मला उठवायला आला. खाली गेलो तेव्हा प्रत्येक हेलाव्याला तो ट्रेलर हातभर सरकत होता आणि साखळीच्या कड्याखालचा रंग खरवडून पोलाद चमकत होते. कॅप्टनने जहाज लाटेच्या तोंडावर घेतले, तेव्हा कुठे आम्हाला नव्या साखळ्या टाकता आल्या. तो ट्रेलर तीस टनांचा होता. रणगाडा त्याच्या दुप्पट असतो, आणि त्याचा पोलादी पट्टा पोलादी मजल्यावर साबणासारखा घसरतो. म्हणून त्याच्याखाली रबर किंवा लाकूड हवेच, आणि मजल्यात साखळी अडकवायच्या कड्या रूपांतर करतानाच पुरेशा संख्येने, खालच्या तुळईला धरून जोडलेल्या हव्यात. हे राहून गेले तर जहाजावरचा माणूस काहीही करू शकत नाही.

प्रतिसाद: निवृत्त सुभेदार

मी सैन्यात वाहने रेल्वेवर चढवण्या-उतरवण्याचे काम बरीच वर्षे केले. कोकण रेल्वेवर १९९९ पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक वाघिणींवर चढवून नेतात, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तिथे जो पहिला चढतो तो दुसऱ्या टोकाने पहिला उतरतो, म्हणून भरणे सोपे जाते. जहाजात तसे नसते, आणि लष्करी जहाजाचा खरा प्रश्न तिथेच आहे असे मला वाटते.

व्यापारी भरतो तेव्हा जागा वाया जाऊ नये म्हणून भरतो. सैन्य भरते तेव्हा उतरताना पहिल्या तासात काय लागेल हे पाहून भरते. रणगाडा एका जहाजात, त्याचा दारूगोळा दुसऱ्यात आणि इंधनाचा टँकर तिसऱ्या जहाजाच्या सर्वांत आतल्या कोपऱ्यात असेल तर तिन्ही पोहोचूनही तुकडी लढू शकत नाही. त्यामुळे जहाजाची चौरस फुटांतली क्षमता कागदावर कितीही असो, लष्करी पद्धतीने भरताना त्यातली बरीच जागा सोडावी लागते. माझा प्रश्न असा की रूपांतर करताना याचा विचार होतो का? शिवाय बंदिस्त मजल्यावर पन्नास डिझेल गाड्या एकाच वेळी सुरू झाल्या तर आतल्या माणसांचे काय?

प्रतिसाद: सुकी गोदी

सुभेदार साहेब, दोन्ही प्रश्न वर्मावर बोट ठेवणारे आहेत. विचार होतो, आणि त्याचे उत्तर दारांच्या संख्येत आणि आतल्या रॅम्पच्या जागेत असते. एकच दार असेल तर सगळा माल एका रांगेत अडकतो. कुशीला दोन्ही बाजूंनी दारे असतील तर दोन मजले एकाच वेळी रिकामे करता येतात आणि धक्का डावीकडे आहे की उजवीकडे याचीही अडचण राहत नाही. आतले रॅम्प साधारण सातास एक एवढ्या चढाचे ठेवतात. याहून उभा केला तर लांब ट्रेलरचे पोट माथ्यावर घासते, याहून सपाट केला तर रॅम्पच सगळी जागा खातो. प्रत्येक रॅम्पमागे काही वाहनांची जागा जाते, आणि ती किंमत आनंदाने मोजावी लागते.

धुराबद्दल सांगायचे तर कंटेनर जहाजाच्या होल्डमध्ये माणूस काम करत नाही, म्हणून तिथे हवा खेळती ठेवण्याची मोठी व्यवस्था नसते. वाहनांच्या मजल्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मालवाहू जहाजावर तासाला किमान सहा वेळा सगळी हवा बदलली पाहिजे, आणि भरण्या-उतरवण्याच्या वेळी याच्या कितीतरी पट पंखे लागतात. ते पंखे, त्यांचे जाडजूड नळ आणि त्यांना लागणारी वीज हे सगळे नव्याने आणावे लागते. मी ज्या रूपांतरांवर काम केले त्यांत सर्वाधिक वाद पंख्यांच्या नळांवरून झाले, कारण नळ जातो तिथे एक मजला अर्ध्या मीटरने बुटका होतो आणि नेमके तिथेच उंच वाहन अडते.

प्रतिसाद: रॉटरडॅमहून

मी गेली काही वर्षे रॉटरडॅममध्ये बंदराशी संबंधित काम करते. एसएल-७ मधील काही जहाजे इथल्याच गोदीत बांधली गेली, त्यामुळे हा धागा मला जवळचा वाटला. मात्र एक मुद्दा नम्रपणे मांडते. आपण सर्वजण रूपांतर हे सावकाश करण्याचे काम आहे असे धरून चाललो आहोत. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनने कुनार्ड कंपनीचे अटलांटिक कन्व्हेयर हे कंटेनर-रोरो (म्हणजे कंटेनरांबरोबर स्वतःच्या चाकांवर आत येणारी वाहनेही नेणारे) जहाज ताब्यात घेतले आणि डेव्हनपोर्टच्या गोदीत सुमारे दहा दिवसांत त्याला विमाने व हेलिकॉप्टरे नेण्याजोगे केले. डेकच्या दोन्ही कडांना कंटेनरांच्या भिंती उभारून त्यांच्या आडोशाला हॅरियर विमाने ठेवली. २५ एप्रिलला जहाज निघाले आणि विमाने युद्धनौकांपर्यंत पोहोचलीही. गरज पडली तर दहा दिवसांतही काम होते, हे यातून दिसत नाही का?

प्रतिसाद: सुकी गोदी

ताई, उदाहरण अगदी योग्य आहे आणि त्या गोदीतल्या कामगारांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ती गोष्ट शेवटापर्यंत सांगितली पाहिजे. २५ मे १९८२ रोजी त्या जहाजाला दोन एक्झोसे क्षेपणास्त्रे लागली. कॅप्टन इयान नॉर्थ यांच्यासह १२ जण मृत्युमुखी पडले आणि तीन दिवसांनी जहाज बुडाले. हॅरियर आधीच उतरली होती, परंतु चिनूक हेलिकॉप्टरांपैकी तीन, वेसेक्स हेलिकॉप्टरे आणि हजारो सैनिकांचे तंबू त्याबरोबर गेले. हेलिकॉप्टरांअभावी सैनिकांना बेट पायी ओलांडावे लागले.

क्षेपणास्त्र लागणे हा युद्धाचा भाग झाला. पण आग पसरली कशी हे रूपांतराच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. वाहनांचा मजला या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा असतो, कारण गाड्यांना चालायला मोकळी जागा हवी. त्याच मोकळेपणामुळे आगीला आणि पाण्यालाही वाट मिळते. युद्धनौकेत इंधन आणि दारूगोळा वेगवेगळ्या भिंतींमागे ठेवतात, इथे ते एकाच मोकळ्या जागेत शेजारी-शेजारी होते. दहा दिवसांत डेक मोकळे करता येते, कंटेनर रचता येतात, संदेशवहनाची यंत्रे बसवता येतात. पोटातल्या मोकळ्या मजल्याचे भाग पाडणे, पाणी फवारण्याची व्यवस्था करणे आणि ते पाणी पुन्हा बाहेर जाईल अशा मोऱ्या काढणे दहा दिवसांत होत नाही.

प्रतिसाद: चीफ मेट

मोऱ्यांचा उल्लेख आला ते फार बरे झाले. मोकळ्या मजल्यावर वीतभर पाणी साचले तरी जहाज थोडे कलताच ते सगळे एका कुशीला धावते आणि जहाजाला आणखी कलवते. १९८७ मध्ये झेब्रुगे बंदराबाहेर हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही फेरीबोट पुढचे दार उघडे राहिल्यामुळे काही मिनिटांत आडवी झाली आणि १९३ माणसे गेली. १९९४ मध्ये बाल्टिक समुद्रात एस्टोनिया ही फेरीबोट बुडाली, तिच्यात ८५२ गेली. दोन्ही ठिकाणी पाणी वाहनांच्या मजल्यावर आले होते. आग विझवताना आपण हेच पाणी स्वतःच्या हाताने आत सोडत असतो. म्हणून ज्या कंटेनर जहाजात असा मजला कधी नव्हताच, त्यात तो घालताना एका प्रकारच्या जहाजाचे धोके दुसऱ्या प्रकारच्या जहाजात आणतो आहोत, याची जाणीव प्रत्येक रेघ मारताना असली पाहिजे.

प्रतिसाद: अभ्यासू

हे सगळे वाचून मला वाटते की मुळात रूपांतराचा मार्गच चुकीचा आहे. आखाती युद्धानंतर अमेरिकेने काय केले ते पाहा. मोठी वाहनवाहू जहाजे हवीत हे ठरल्यावर त्यांनी डेन्मार्कमध्ये बांधलेली पाच कंटेनर जहाजे घेऊन बदलली, पण बाकीची सगळी नवीनच बांधली. ब्रिटननेही या शतकाच्या सुरुवातीला पॉइंट वर्गातील सहा रोरो जहाजे नव्याने बांधून घेतली. ती खासगी कंपनीची होती आणि लष्कराला गरजेप्रमाणे मिळत असत. चीनचा मार्ग तिसराच आहे. तिथे २०१५ मध्ये नव्या नागरी जहाजांसाठी तांत्रिक मानके आली, ज्यांत रोरो आणि कंटेनर जहाजे बांधतानाच लष्करी गरजांची तरतूद करायची असते. तिथल्या नागरी फेरीबोटी लष्करी सरावांत वाहने नेताना वारंवार दिसतात. मागाहून कापाकापी करण्यापेक्षा जन्मतःच तरतूद केलेली काय वाईट?

प्रतिसाद: सुकी गोदी

वाईट काहीच नाही, आणि वेळ हाताशी असेल तर मीही तेच सुचवीन. तुम्ही ज्या पाच जहाजांचा उल्लेख केला त्यांतली लॉरा मर्स्क सॅन दिएगोच्या गोदीत बदलून १९९६ मध्ये शुगार्ट या नावाने सेवेत आली. मोगादिशूत १९९३ साली प्राण दिलेल्या सैनिकाचे हे नाव. या जहाजात वाहनांसाठी तीन लाख चौरस फुटांच्या आसपास जागा निघाली आणि वेग २४ नॉट राहिला. एसएल-७ पेक्षा तो बराच कमी आहे, पण त्यात डिझेल इंजिन होते, आणि ते चालवणारा माणूस जगातल्या कोणत्याही बंदरात मिळतो. नवीन जहाजे येण्याआधी पहिली तयार झाली ती ही रूपांतरित जहाजेच. वेळ कमी असतो तेव्हा जुने पोलाद उपयोगी पडते. मात्र ते घेताना आधी इंजिनघरात उतरावे आणि मग होल्ड पाहावा, असे मी प्रत्येक खरेदीदाराला सांगत आलो आहे.

चीनच्या मार्गाबद्दल एकच शंका येते. व्यापारी मालकाला जाड मजला आणि भक्कम रॅम्प यांचे वजन रोज वाहून न्यावे लागते आणि त्याचे इंधन रोज जळते. तो खर्च कोणी उचलायचा हे ज्या देशात स्पष्ट असेल तिथेच हे टिकेल.

प्रतिसाद: बॉयलर रूम

बऱ्याच उशिरा धागा वाचला, पण अँटारिसचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी वाफेच्या जहाजांवर शिकलेल्या शेवटच्या पिढीतला इंजिनीअर आहे.

ती आठ जहाजे एरवी धक्क्याला बांधून, मोजकी माणसे ठेवून उभी असत आणि हुकूम आल्यापासून चार दिवसांत समुद्रात जायला तयार व्हावीत अशी अट होती. डिझेल इंजिनाला चार दिवस म्हणजे पुष्कळ झाले. थंड बॉयलरचे तसे नसते. त्याला हळूहळू तापवावे लागते, कारण जाड पोलादी पिंप आणि पातळ नळ्या वेगवेगळ्या गतीने गरम होतात आणि घाई केली की जोडावरच ताण येतो. सुरुवातीला बर्नर थोडा वेळ पेटवायचा, मग बंद करायचा, पुन्हा पेटवायचा, आणि त्या सगळ्या काळात कोणीतरी बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेवर डोळा ठेवून बसायचे. टर्बाइनचा दांडा सावकाश फिरवत ठेवायचा, नाहीतर तो गरम होताना स्वतःच्या वजनाने किंचित वाकतो. हे हाताला कळलेले काम आहे, पुस्तकात वाचून येत नाही. १९९० मध्ये व्यापारी जहाजांवर वाफ जवळजवळ संपत आली होती, त्यामुळे राखीव ताफ्यातल्या जुन्या जहाजांसाठी साठी ओलांडलेल्या निवृत्त माणसांनाही बोलवावे लागले. ती आली, हे त्यांचे मोठेपण.

उभे ठेवलेले बॉयलर चालत्या बॉयलरपेक्षा लवकर खराब होतात. आत हवा आणि ओल राहिली की नळ्यांना आतून गंज खड्डे पाडतो आणि तो बाहेरून दिसत नाही. जहाज बंदराबाहेर पडून पूर्ण वेग मागितला जातो तेव्हा तीच नळी फुटते. मी शिकाऊ असताना आमच्या बॉयलरची अशी एक नळी फुटली होती. आधी शिट्टीसारखा बारीक आवाज येतो, मग काचेतले पाणी डोळ्यांदेखत उतरू लागते, आणि तेवढ्या वेळात आग बंद करून बॉयलर वेगळा काढायचा असतो. नंतर तो थंड होईपर्यंत आत जाता येत नाही. त्या थांबलेल्या वेळात जहाज लाटेला आडवे पडते आणि चीफ मेट साहेबांनी लिहिलेल्या साखळ्यांची परीक्षा सुरू होते.

अँटारिसवरची वाहने पुढे रोटा येथे अल्टेअर या त्याच वर्गातल्या जहाजावर चढवून सौदी अरेबियाला पाठवली गेली. अल्टेअर तोपर्यंत आपली पहिली फेरी संपवून परतीच्या वाटेवर होते. दोन्ही जहाजांचे मजले, कड्या आणि रॅम्प एकसारखे असल्यामुळे एका जहाजाचे भरण दुसऱ्यात बसेल की नाही हा प्रश्नच आला नाही. एकाच वर्गाची आठही जहाजे एकाच पद्धतीने बदलण्याचा हा लाभ सुकी गोदी साहेबांच्या लेखात राहून गेला होता, म्हणून तो इथे नोंदवतो.